शंभर थेंबांतले अठरा

एका जंगलात गेनू नावाचा एक साळिंदर राहायचा आणि सगळी चूक त्याचीच होती.

हे आधीच सांगून टाकलं, कारण तुम्ही लहान आहात. लहानांना गोष्ट ऐकताना उगाच वाटत राहतं की शेवटी चूक मोठ्यांची निघेल. नाही निघणार. मोठ्यांची चूक निघायची तर चौकशी दुसऱ्या कुणीतरी करावी लागते, आणि जंगलात चौकशी मोठेच करतात. तेव्हा ती आशा सोडा, मांडी घाला आणि ऐका.

गेनूच्या बायकोचं नाव चांगुणा. त्यांना दोन पिल्लं होती. पिल्लांचे काटे अजून मऊ होते. इतके मऊ की चांगुणा त्यांना कुशीत घेऊन झोपायची. साळिंदराच्या घरात हे सुख थोडेच दिवस असतं. नंतर सगळे एकमेकांपासून हातभर लांब झोपतात.

त्यांचं बीळ एका उतारावर होतं. उताराच्या पायथ्याशी भुरकी नावाची नदी होती. नदी म्हणायचं म्हणून म्हणायचं. उन्हाळ्यात भुरकी म्हणजे नुसती दगडांची ओळ. पावसाळ्यात ती काय असते हे नेमकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण पावसाळ्यात सगळे वर उतारावर आपापल्या बिळात असायचे. खाली जाऊन बघायची कुणाला गरज पडली नव्हती. भुरकी कधी कुणी मोजलीच नव्हती.

गरज पडली ती राजामुळे.

राजा होता एक बिबट्या. सगळे त्याला सरकार म्हणायचे. सरकारांना एकदा वाटलं की आपल्याला लांबचं दिसत नाही, झाडं मधे येतात. झालं. हत्तींना बोलावलं. हत्तींनी उतारावरची झाडं पाडली आणि ओंडके ओढत ओढत नेले. जांभळांची एक रांग तेवढी खालच्या अंगाला ठेवली. सरकारांनाही ऊन लागतं.

झाडं गेली. पाचोळा वाऱ्याने गेला. ओंडके घासून घासून उतार खळ्यासारखा टणक आणि तुळतुळीत झाला. सरकारांना लांबचं दिसायला लागलं. मग त्यांना जवळचंही दिसायला लागलं. उतारावर जागोजागी बिळं, बिळांतून डोकी वर येतायत, पिल्लं खेळतायत. ते दृश्य काही चांगलं नव्हतं.

सरकार म्हणाले, या सगळ्यांना खाली भुरकीच्या काठी वसवा. माती मऊ आहे, पाणी जवळ आहे, त्यांचीच सोय होईल.

गरिबाला हलवायचं असलं की आधी त्याची सोय बघतात, हे लक्षात ठेवा. परीक्षेला येत नाही, पण लक्षात ठेवा.

आता प्रश्न आला, काठावर म्हणजे नेमकं कुठे? पाऊस पडला की नदी वर चढणार. किती चढणार? तेवढी जागा सोडून बिळं खणायला हवीत. एवढी अक्कल जंगलातही होती.

हा प्रश्न नीट समजून घ्या. समजा आभाळातून शंभर थेंब पडले. काही जमीन पिते. काही झाडं पितात. काही पाचोळ्यात अडकून तिथेच वाळतात. उरलेले उतारावरून पळत नदीत जातात. किती उरले? कुणाकडे तीस उरतात, कुणाकडे ऐंशी. नदी मोजलेली असेल तर सांगता येतं. मोजलेली नसेल तर अंदाज करावा लागतो. अंदाज एकट्याने उभ्याउभ्या केला तर त्याला बडबड म्हणतात. चौघांनी बसून केला तर त्याला शास्त्र म्हणतात.

म्हणून सरकारांनी चौघांची समिती नेमली.

समितीचे प्रमुख कासवआबा. आबांचं वय कुणालाच माहीत नव्हतं, आणि तीच त्यांची पात्रता होती. दुसरे बगळेगुरुजी. ते शेजारच्या जंगलातल्या थोरली नावाच्या नदीवर पाणी मोजायचं काम करून निवृत्त झाले होते आणि इकडे येऊन विद्वान झाले होते. तिसरे नाना, म्हणजे रानडुक्कर. नवी बिळं खणायचं काम नानांनाच मिळालं होतं, त्यामुळे त्यांना या विषयात रस होता. चौथा गेनू. समितीत एक तरुण असावा असा नियम होता. तरुणाने तिथे काय करावं असा नियम नव्हता.

सरकारांनी जाता जाता एवढंच सांगितलं, "आकडा चाळिसाच्या आत आला तर बिळं काठाला लागून घ्या. चाळिसाच्या वर गेला तर वर जांभळांपर्यंत सरकवावी लागतील. जांभळाखाली मी दुपारचा पडतो. काय ते बघा. माझा दबाव नाही."

म्हणजे गेनूची पिल्लं कुठे झोपणार, हे आता एका आकड्यावर होतं.

समिती पाहणीला निघाली. पाहणी म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली जागा पुन्हा एकदा जाऊन बघायची आणि मागे हात बांधून हुंकार द्यायचा. आबा उताराच्या पायथ्याशी बसले. गुरुजी एका पायावर उभे राहिले. नाना पार वर गेले.

"गुरुजी," गेनूने विचारलं, "कधी न मोजलेल्या नदीचा आकडा काढायचा कसा?"

"सोपं आहे. शेजारच्या मोजलेल्या नदीचा आकडा उचलायचा आणि इथे लावायचा. उतारावरून वाहून येणाऱ्या पाण्याला शास्त्रात अपधाव म्हणतात. थोरलीचा अपधाव मला तोंडपाठ आहे."

"थोरलीचा उतार असाच बोडका आहे का?"

"छे. तिकडे दाट साग आहे. पाय घातला की गुडघाभर पाचोळा."

"मग इथे तो आकडा कसा चालेल?"

"का नाही चालणार? नदी ती नदी. तिलाही दोन काठ, हिलाही दोन काठ."

गेनूला पुढे काय विचारावं ते सुचेना. विद्वानांशी बोलताना असं होतं. मग त्याला सुचलं.

"पूर यायचा तेव्हा थोरलीत किती पाणी असायचं?"

"पुरात कसं मोजणार रे? मोजायचा खुंटा बुडून जायचा. आणि मला दोनच पाय आहेत."

"मग त्या दिवशी काय सांगायचात?"

"आदल्या दिवशीचा आकडा. सलगपणा राहायला हवा."

इतक्यात एक गोष्ट घडली. नानांनी सकाळी नदीच्या वाळूतली टरबुजं खाल्ली होती. बरीच खाल्ली होती. ते उताराच्या वरच्या टोकाला उभे राहिले आणि मोकळे झाले.

हसू नका. रानडुकराचं मोकळं होणं ही काही लहान गोष्ट नाही. ती धार उतारावरून निघाली. धूळ गोळा करत, गेनूच्या पायाशेजारून, कुठेही न थांबता खाली आली आणि आबांच्या पोटाखाली जाऊन तिचं तळं झालं. वाटेत जमिनीने काहीही पिऊन घेतलं नव्हतं.

"आबा," गेनू म्हणाला, "हे सगळं खाली आलं."

आबांनी एक पाय उचलला. "कळतंय मला."

"तसं नाही आबा. सगळंच आलं. उताराने काही ठेवून घेतलंच नाही."

"हे धरायचं नाही," गुरुजी म्हणाले. "अपधाव पावसाचा मोजतात. नानांचा नाही."

"पण उतार तोच आहे ना?"

"ए गेन्या," वरून नाना ओरडले, "माझ्याकडे काय बघत बसलायस रे? घरी बायको आहे ना तुला?"

सगळे हसले. आबासुद्धा हसले, जरा सरकून बसले आणि हसले. भुरकीच्या पाणलोटात तोवर झालेली ती एकुलती एक मोजणी. ती अशी हसण्यावारी गेली.

आता या जंगलातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही.

रीत अशी, की लहानाने मोठ्याच्या वरचा आकडा बोलायचा नाही. आजोबा म्हणाले, मला तीन मधमाश्या चावल्या, की नातवाने म्हणायचं, मला दोन चावल्या. मग नातवाचं तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं का असेना. म्हाताऱ्या माकडाने दोन फांद्या ओलांडल्या तर तरुण माकडाने एक ओलांडून दमल्यासारखं करायचं. उरलेल्या त्याने कुणी बघत नसताना ओलांडाव्यात, त्याला कुणाची ना नाही. याला तिथे वळण म्हणायचे. ज्याला वळण नाही त्याला कुणी पोरगी देत नसे.

बोलायचा क्रमही ठरलेला. सगळ्यात मोठा आधी बोलणार, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. त्यामुळे त्या जंगलात कुठलीही गोष्ट बोलत बोलत पुढे गेली की लहान होत जायची. दुष्काळ पार खालपर्यंत पोचेपर्यंत थोडीशी तहान व्हायचा. सगळे म्हणायचे, बघा, आपल्याकडे कधी मोठं संकट येतच नाही.

बैठक जांभळाखाली भरली. निघताना चांगुणाने गेनूला थांबवलं होतं.

"काय सांगणार तुम्ही?"

"बघू. मोठे काय म्हणतात ते बघून."

"मोठ्यांना काठावर राहायचं नाहीये. आपल्याला राहायचंय. नानांचं कसं खाली आलं ते मला सांगताना हसत होतात ना? तेच तिथे सांगा. नका हसू फक्त."

गेनू बरं म्हणाला आणि गेला.

सरकार फांदीवर एक डोळा मिटून पडले होते. दुसरा मिटला नव्हता.

आबांनी घसा खाकरला. त्याला बराच वेळ लागला. मग म्हणाले, "माझं सगळं आयुष्य पाण्यात गेलं. माझ्या मते शंभरातले तीस."

"वा," गुरुजी म्हणाले. "थोरलीचा आकडा माझ्या हिशेबाने चौतीस होता, पण आबांनी तीस म्हटल्यावर मला माझीच चूक लक्षात आली. मी सव्वीस म्हणतो."

"आपण तर अडाणी," नाना म्हणाले. "वीस."

सगळ्यांनी गेनूकडे बघितलं.

गेनूने आबांकडे बघितलं. मग खाली भुरकीच्या दगडांकडे बघितलं. त्याला त्याची दोन पिल्लं आठवली. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "मला वाटतं ऐंशी."

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, दोन शब्द इकडचे दोन तिकडचे झाले असते. त्यांनी डोकं आत घेतलं. मग पुढचे पाय आत घेतले. मग मागचे. मग शेपूट. समितीच्या मधोमध नुसतं एक कवच उरलं.

म्हातारी माणसं भांडत नाहीत, बाळांनो. ती दुखावतात. भांडणाला उत्तर देता येतं.

"बघ," नाना हळूच म्हणाले. "केलंस ना?"

"मी काय केलं?"

"या वयात त्यांना आत जायला लावलंस."

"आबा," गेनू म्हणाला, "आबा, बाहेर या ना."

कवचातून आवाज आला, "नाही, नाही. बोला तुम्ही. आता तुमचे दिवस आहेत. आमचं काय राहिलंय."

"आबा, मी तसं म्हणालो नाही. उतार बोडका झालाय एवढंच म्हणत होतो."

"मी कुठे काही म्हणतोय? तुम्हाला जास्त कळतं. आम्ही नुसतेच म्हातारे झालो."

"गेनू," गुरुजी म्हणाले, "तुझे वडील असते तर त्यांना आज काय वाटलं असतं?"

वडील मेलेले असले की त्यांचं मत नेहमी मोठ्यांच्या बाजूने पडतं. हा एक जगभरचा नियम आहे.

नानांनी मान हलवली. "आपल्या चांगुणावहिनी एवढ्या चांगल्या घरच्या. त्यांना काय म्हणतील लोक?"

गेनू उभा होता. बसलेले तिघं. त्यातला एक आत. फांदीवरच्या सरकारांनी दुसरा डोळाही उघडला होता. गेनूचे सगळे काटे अंगाला चिकटून बसले.

"चुकलं आबा," तो म्हणाला. "माझं अठरा आहे."

मग शेपूट बाहेर आली. मग पाय. शेवटी डोकं आलं. आबांचे डोळे ओले होते. कासवाचे नेहमीच ओले असतात, पण त्या वेळी ते सगळ्यांना दिसले.

"पोर गुणी आहे," आबा म्हणाले. "भलतंसलतं बोलतं, पण वळण आहे."

चौघांच्या आकड्यांची सरासरी काढली. चाळिसाच्या खूप आत आली. सरकारांनी दोन्ही डोळे मिटले.

आणि आता गेनूचं बक्षीस ऐका. आबांनी सुचवलं की अशा वळणाच्या तरुणाला नव्या वस्तीत पहिलं बीळ द्यावं. पहिलं म्हणजे अगदी काठाला लागून. पाणी दोन पावलांवर. गुरुजींनी अनुमोदन दिलं. नानांनी ते बीळ स्वतः खणून देतो म्हटलं. गेनू वाकून सगळ्यांच्या पाया पडला.

घरी आल्यावर चांगुणाने विचारलं, "किती सांगितलंत?"

"ऐंशी."

"मग?"

"मग अठरा."

चांगुणा पिल्लांचं अंग चाटत होती. ती थांबली. "ऐंशीचे अठरा कशाने झाले?"

"आबा आत गेले."

"कुठे आत?"

"कवचात."

"अहो, कासव आहे ते. कासव आतच जातं. उद्या मी काटे फुलवले तर कोण आकडा बदलणार आहे माझ्यासाठी?"

"तुला कळत नाही. सगळ्यांसमोर होतं ते."

"सगळ्यांसमोर पिल्लं ठेवू का मग? सगळे सांभाळतील?"

ज्याला बाहेर बोलता येत नाही तो घरात चिडतो, तसा गेनू थोडा चिडला. म्हणाला, पहिलं बीळ मिळालंय, केवढा मान आहे, दुसरे जीव टाकतात. चांगुणा म्हणाली, आपण मधे कुठेतरी वर एक खोबण बघू. तो म्हणाला, मिळालेलं बीळ सोडून खोबणीत राहिलो तर आबांना काय वाटेल?

तेव्हा चांगुणा त्या बिळात राहायला गेली. तिनेही वळणाच्याच घरात जन्म घेतला होता.

नवं बीळ छान होतं. माती मऊ. नानांनी खरंच चांगलं खणलं होतं. चांगुणाने आत वाळकं गवत अंथरलं. पिल्लांना तिथे नदीचे गोटे लोटायचा खेळ सापडला. बाकीची वस्तीही येऊन बसली. सशांची बिळं, मुंगसांची, घोरपडीचं एक. सगळ्यांना पाणी जवळ होतं.

पावसाळा आला. आधी थोडा थोडा पडला. भुरकीच्या दगडांमधून पाणी खेळायला लागलं. गुरुजींनी भुरकीतही एक खुंटा रोवला होता. ते रोज जाऊन बघायचे आणि येऊन सांगायचे, आबांचा आकडा बरोबर येतोय. आबा म्हणायचे, अनुभव आहे, दुसरं काय. गेनूला बरं वाटायला लागलं. त्याला वाटलं, आपण उगाच घाबरत होतो. मोठे मोठे असतात ते काही उगाच नाही.

मग एका दुपारी खरा पाऊस आला.

समिती जांभळाखाली बसली होती. गेनूला बोलावणं गेलं होतं म्हणून तोही होता. चांगुणा पिल्लांना घेऊन बिळात होती. उतारावरून पाणी चादरीसारखं खाली सरकत होतं. कुठेही न थांबता. गेनूने असं पाणी आधी एकदा बघितलं होतं, पण तेव्हा ते नानांचं होतं.

"आबा, मी जरा खाली जाऊन येऊ का?"

"बस रे. तू तरुण रक्ताचा, उगाच घाबरवशील सगळ्यांना. नाना बघून येतील."

नाना गेले.

"काठावर फार तर गुडघाभर चढलं असेल," आबा म्हणाले.

"गुडघ्याच्या थोडं खालीच," गुरुजी म्हणाले.

नाना परत आले ते धापा टाकत. त्यांनी तोंड उघडलं.

"काय नाना?" आबा म्हणाले. "आम्ही म्हणत होतो गुडघाभर असेल."

नानांनी आबांकडे बघितलं. गुरुजींकडे बघितलं. त्यांच्या नाकातून पाणी गळत होतं. त्यांनी उघडलेलं तोंड थोडं मिटलं.

"नाही, तेवढं कुठलं," ते म्हणाले. "घोट्याएवढं आहे."

"बघ गेनू," आबा म्हणाले.

आणि गेनूचा जीव खरंच भांड्यात पडला, मुलांनो. क्षणभर पडला. वळण लागलेल्याला कानाने ऐकलेलं आधी खरं वाटतं, डोळ्याने दिसलेलं नंतर.

नंतर त्याला दिसलं की नानांच्या कानांच्या मागेपर्यंत चिखल आहे. आणि त्यांच्या सुळ्याला वाळकं गवत अडकलंय. बिळात अंथरतात ते.

गेनू उठला आणि पळाला. मागून गुरुजी म्हणाले, बैठक चालू आहे. तो थांबला नाही. जन्मात पहिल्यांदा तो मोठ्यांचं न ऐकता उठला, आणि तेव्हा उशीर झाला होता.

काठ नव्हता. वस्ती नव्हती. होती ती सगळी भुरकी होती, तांबडी, आणि तिचा आवाज येत होता. ससे उतारावर पळत होते. चांगुणा वर चढत होती. तिच्या तोंडात एक पिल्लू होतं. पाणी तिच्या मागोमाग चढत होतं.

"दुसरं कुठंय?" गेनूने विचारलं.

चांगुणाने उत्तर दिलं नाही. तिच्या तोंडात पिल्लू होतं.

गेनू पाण्यात शिरला. साळिंदराला पोहता येतं. पण पाण्याखालचं बीळ शोधता येत नाही. सगळीकडे सारखंच तांबडं होतं. तो पुन्हा पुन्हा आत गेला. शेवटी पाण्यानेच त्याला एका खडकाला आणून लावलं.

समितीचं काय झालं तेही सांगतो, तुम्हाला काळजी वाटत असेल. पाणी जांभळांपर्यंत आलं तेव्हा गुरुजी उडाले. सरकार झाडावर होतेच, ते आणखी वर चढले. नाना पोहले. आबा तरंगले. आकडा काढणाऱ्यांतल्या गेनूखेरीज कुणालाच पुरापासून काही धोका नव्हता. आबा तर तरंगत तरंगत पार पुढच्या डोहापर्यंत गेले आणि पाणी ओसरल्यावर सावकाश चालत परत आले. म्हणाले, बऱ्याच वर्षांनी अंग मोकळं झालं.

मग सरकारांसमोर चौकशी बसली. चौकशीला तीच समिती, कारण विषयाची माहिती त्यांनाच होती.

आधी गुरुजी बोलले. "पुराच्या दिवशी खुंटा बुडाला होता. म्हणून रीतीप्रमाणे आदल्या दिवशीचा आकडा धरला आहे. तो पाहता त्या दिवशी पाणी बेताचंच होतं."

"बेताचं?" चांगुणा मागे उभी होती, ती पुढे आली. तिच्या पोटाशी एक पिल्लू होतं. "गुरुजी, माझं पिल्लू बेताच्या पाण्यात गेलं का?"

"वहिनी, तसं नाही," नाना म्हणाले. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"मग कसं? तुम्ही खाली आला होतात नाना. माझ्या बिळाच्या तोंडाशी तुम्ही उभे होतात. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही म्हणालात, वर सांगून येतो. काय सांगितलंत वर?"

नाना नाकाने माती उकरायला लागले.

आबांनी घसा खाकरला. "बाई, दुःख आम्हालाही आहे. चूक झाली असेल तर ती शोधू. ठीक आहे, आपण धरू की पाणी अंदाजापेक्षा जास्त आलं. म्हणजे आकडा लहान सांगितला गेला. बरोबर? मग सगळ्यात लहान आकडा कुणाचा होता?"

सगळ्यांना आठवत होतं. सगळ्यांनी गेनूकडे बघितलं.

"अठरा," गुरुजी म्हणाले. "आबांचा तीस. त्यातल्या त्यात आबाच जवळ होते."

"अनुभव," आबा म्हणाले.

"ते ऐंशी म्हणाले होते," चांगुणा म्हणाली. "आधी ऐंशी म्हणाले होते ते. सगळ्यांनी ऐकलंय. सरकार, तुम्हीही ऐकलंय."

सरकारांनी पंजा चाटला.

"वहिनी, तो आकडा त्याने मागे घेतला," नाना म्हणाले. "मागे घेतलेलं धरत नाहीत."

"पोरा," आबा गेनूला म्हणाले, अगदी मायेने म्हणाले, "तू अठरा का म्हणालास?"

गेनूने आबांकडे बघितलं. उत्तर त्याच्यासमोरच बसलं होतं, चार पाय बाहेर काढून. चांगुणा त्याच्याकडे बघत होती. त्याने एकदा तोंड उघडलं असतं तर निदान ही गोष्ट मला वेगळी सांगता आली असती.

"चुकलं आबा," गेनू म्हणाला.

आबांनी मोठ्या मनाने माफ केलं. म्हणाले, तरुणांकडून व्हायचंच, पुढच्या वेळी मोठ्यांच्या जवळपासचा आकडा सांगत जा. मग त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "पण मोठं नुकसान झालं रे तुझं."

गेनू म्हणाला, "हो आबा. थोडं झालं."

चांगुणाने उरलेलं पिल्लू तोंडात धरलं आणि ती उतार चढून पलीकडच्या रानात निघून गेली. आबा म्हणाले, बाईला वळण कमी आहे.

तात्पर्य : मोठ्यांसमोर मोठा आकडा बोलू नये, त्यांच्या मनाला लागतं. गेनूने कुणाच्याही मनाला लागू दिलं नाही. त्याचं एक पिल्लू बुडालं.